चिठ्ठी तिच्या दप्तरात सापडली होती

आमच्या शाळेच्या बॅचचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. शिरूरमधल्या कुठल्याही बॅचचा असतो तसाच. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी रांजणगावच्या कंपन्यांमधल्या जागा, रात्री कुणाच्या तरी मुलाचा पहिला वाढदिवस. मागच्या दिवाळीत गेट-टुगेदर ठरलं आणि जुने किस्से निघाले. एकानं लिहिलं, "ती चिठ्ठी आठवते का रे?" त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एक चेहरा मीही टाकला.

चिठ्ठी नववीतली, 2012 च्या जानेवारीतली. मधल्या सुट्टीत एका मुलानं ती एका मुलीच्या दप्तरात सरकवली. कुणीतरी पाहिलं, बाईंना सांगितलं, बाईंनी सगळ्यांसमोर दप्तर उघडलं. मुलाला दोन फटके बसले आणि एक तास वर्गाबाहेर उभं राहावं लागलं. त्यानं त्याचा भाव वाढलाच. गॅदरिंगपर्यंत तो वर्गाचा हिरो होता. मुलीच्या घरी निरोप गेला. वार्षिक परीक्षा झाली आणि तिला दौंडला मामाकडे धाडलं. दहावी-बारावी तिनं तिथूनच केली आणि त्यानंतर वर्षभरात तिचं लग्न झालं. आमच्या ग्रुपमध्ये ती नाही. तिला कुणी घेतलंच नव्हतं.

किस्सा रंगात आला तेव्हा एकानं लिहिलं, "आपल्यावर 'शाळा'सारखा पिक्चर निघेल." दुसरा म्हणाला, "'दुनियादारी'सारखा." तिथे माझं हसू थांबलं. ही दोन्ही पुस्तकं मी वाचलेली, आवडलेली. पण त्या रात्री पहिल्यांदा डोक्यात आलं की आमच्यावर खरंच पिक्चर निघाला, तर त्यात त्या मुलीला किती वाक्यं मिळतील?

कट्टा कुणाचा?

'दुनियादारी' चित्रपट जुलै 2013 मध्ये आला. मी अकरावीत होते. संजय जाधव यांचा तो चित्रपट पाहून आलेल्या पोरांनी कॉलेजच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीला रातोरात 'कट्टा' करून टाकलं. प्रत्येक टोळक्यात एक श्रेयस आणि एक दिग्या ठरला. मी वाचनालयातून कादंबरी आणली आणि दोन दिवसांत संपवली. रडलेसुद्धा.

सुहास शिरवळकर यांची ही कादंबरी 1982 ची. शिरवळकर (1948–2003) हे मुळात रहस्यकथांचे लेखक म्हणून घराघरांत पोचलेले. त्यांची पुस्तकं वाचनालयांतून फाटेपर्यंत फिरली, समीक्षकांनी मात्र त्यांना फारसं मोजलं नाही. 'दुनियादारी'चं वाचनही असंच हातोहात झालं. होस्टेलच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, मोठ्या भावाकडून धाकट्याकडे. पुण्यातलं एस. पी. कॉलेज, कट्ट्यावरची गँग, मारामाऱ्या, प्रेमप्रकरणं, बारमध्ये भेटणारा एम. के. श्रोत्री. बाहेरगावाहून पुण्यात शिकायला आलेल्या पोराला त्यात आपलं काहीतरी सापडायचं आणि ते खोटं नव्हतं. शिरवळकरांचे संवाद आजही पळतात. त्यांची पोरं पोरांसारखी बोलतात. त्या काळच्या मराठी कादंबरीत हे सोपं नव्हतं.

गेट-टुगेदरच्या त्या गप्पांनंतर मी ती पुन्हा वाचली. खराडीहून शिरूरला जाताना, एसटीत, दोन शनिवारांत. आणि निराश झाले.

कादंबरी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. निराशा वेगळी होती. अकरावीत मी ती श्रेयस होऊन वाचली होती, हे मला आता कळलं. दुसरं काही होऊन वाचायची सोयच त्यात नाही. शिरीन आहे, मीनू आहे, दोघी ठसठशीत आहेत. पण त्या आपल्याला भेटतात त्या कुणाच्या तरी आयुष्यात आल्यामुळे. पोरांचं दुःख हे आयुष्याचं दुःख, मोठं, तत्त्वज्ञानाच्या जवळ जाणारं. मुलींचं दुःख हे कथानकातलं वळण. एक मुलगी दुरावली म्हणून मुलगा कसा बदलला हे आपल्याला पानोपानी कळतं. ती घरी गेल्यावर काय झालं, दार कुणी लावलं, जेवायला कुणी वाढलं की नाही, हे विचारायला कट्ट्यावरचं कुणी जात नाही. कट्टा म्हणजे रस्त्यावर हवा तितका वेळ बसून राहायची मुभा. ती मुभा कुणाला होती, यावरून गोष्ट कुणाची हे ठरून गेलं.

मग मला प्रश्न पडला, हे कधीपासून असं आहे? शोधत मागे गेले तर उत्तराचं एक टोक आमच्याच गावाच्या नावापाशी येऊन थांबलं.

सोळावं वरीस कायद्यानं आलं

शाळा-कॉलेजातल्या प्रेमाची गोष्ट लिहायची तर आधी शाळा-कॉलेजात जाणारी, लग्न न झालेली मुलगी लागते. हे वाचताना विचित्र वाटेल, पण दीडशे वर्षांपूर्वी अशी मुलगी आपल्याकडे जवळजवळ नव्हतीच. बालपण संपलं की सासर. मधला काळ नावाचा प्रकार नव्हता.

तो काळ भांडून मिळवावा लागला. मुंबईत रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. मोठी झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. नवऱ्यानं 1884 मध्ये दावा लावला आणि तो खटला विलायतेपर्यंत गाजला. 1885 मध्ये रखमाबाईंनी टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर पत्रं लिहिली. खाली स्वतःचं नाव नव्हतं, 'एक हिंदू स्त्री' एवढीच सही होती. ही सही लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

1891 च्या संमतिवयाच्या कायद्यानं मुलीचं वय दहावरून बारावर नेलं आणि तेवढ्यावरून पुण्यात रण माजलं. 1929 मध्ये शारदा कायदा झाला, 1 एप्रिल 1930 पासून लागू झाला. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा. 1949 मध्ये पंधरा, 1978 मध्ये अठरा. दुसऱ्या बाजूनं शाळा उघडत गेल्या. पुण्याची हुजूरपागा 1884 ची, महर्षी कर्व्यांचं महिला विद्यापीठ 1916 चं. कायद्यानं आणि शाळेनं मिळून मुलीच्या आयुष्यात काही वर्षं नव्यानं घातली. ज्याला आपण आज 'टीनएज' म्हणतो ते मुलांकडे आधीपासून थोडंफार होतं. मुलींकडे ते एकेक वर्ष करून आलं.

मराठी कादंबरीनं या नव्या मुलीला लगेच हेरलं. ना. सी. फडके यात सगळ्यांच्या पुढे. हे फडके जन्मानं नगर जिल्ह्यातल्या कर्जतचे, म्हणजे आमच्या पट्ट्यातलेच, पण त्यांच्या कादंबऱ्यांत कर्जतची धूळ नाही. 1928 चं 'जादूगार', 1929 चं 'दौलत' आणि पुढे ढीगभर. सुशिक्षित, सुखवस्तू नायक, तशीच नायिका, गैरसमज, विरह, मिलन. त्यांची नायिका शिकलेली असते, छान बोलते, छान दिसते. आपल्या आईआजीच्या पिढ्यांनी फडके चोरून वाचले, कारण प्रेम करून लग्न करता येतं ही बातमीच त्यांना तिथे कळली. हे लहान काम नाही. पण शिकून नोकरीला लागलेली, लग्न न ठरलेली, घर चालवणारी खरी मुलगी रात्री दिवा मालवल्यावर काय विचार करते, हे फडक्यांच्या नायिकेला ठाऊक नव्हतं.

ते सांगणारं पुस्तक 1933 मध्ये आलं.

शिरूरकरबाई

पुस्तकाचं नाव 'कळ्यांचे निःश्वास'. प्रकाशक ह. वि. मोटे. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर.

शिरूर नावाची गावं महाराष्ट्रात बरीच आहेत. पण शाळेत असताना वाचनालयाच्या कपाटात हे नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला वाटलं, बाई आपल्या घोडनदीच्याच. तेव्हा पुस्तक उघडलं नाही, नावावरून ते म्हाताऱ्या माणसांचं वाटलं. उघडलं ते परवा, 'दुनियादारी'च्या निराशेनंतर.

विभावरी शिरूरकर हे टोपणनाव होतं. लिहिणाऱ्या होत्या बाळूताई खरे, 1905 च्या जन्मलेल्या, कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या. पुढे 'रणांगण'कार विश्राम बेडेकर यांच्याशी लग्न झालं आणि त्या मालती बेडेकर झाल्या. 1933 मध्ये त्यांचं वय अठ्ठावीसच्या आसपास. मी आज तेवढीच आहे.

कथांमधल्या मुली शिकलेल्या, कमावत्या आणि अविवाहित. त्यांना कुणी सासरी छळत नाही, त्या विधवा नाहीत, सुधारकांच्या मदतीची वाट बघत नाहीत. त्यांची अडचण वेगळीच. बापाला पगार हवा आहे म्हणून लग्न लांबतं आहे. हुंडा नाही म्हणून स्थळं फिरतात. ओळख वाढवणारा तरुण गोड बोलतो, चार महिने फिरवतो आणि लग्न मात्र आईनं ठरवलेल्या मुलीशी करतो. आणि या सगळ्यात मुलीला शरीर आहे, मन आहे, हवंसं वाटणं आहे. मुलीला 'हवंसं वाटतं' एवढं एक वाक्य छापण्यातच मोठी खळबळ होती.

ती झालीच. ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. बाई नसेलच, एखादा पुरुष असेल, असाही तर्क लढवला गेला. म्हणजे मुलीच्या मनातलं इतकं नेमकं लिहिलं आहे तर ते मुलीनं लिहिलेलं नसणार! दुसऱ्याच वर्षी, 1934 मध्ये, 'हिंदोळ्यावर' कादंबरी आली. नवऱ्यापासून दुरावलेली शिकलेली स्त्री लग्नाशिवाय दुसऱ्या पुरुषाबरोबर आयुष्य मांडू पाहते. आजही काही घरांत हे कथानक जेवणाच्या वेळी सांगता येणार नाही.

टोपणनावाचा विचार मी बरेच दिवस करत होते. रखमाबाईंनी 'एक हिंदू स्त्री' म्हणून सही केली. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बाळूताईंना पुन्हा नाव लपवावं लागलं. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत शाळकरी पोरांच्या कादंबऱ्यांची जी मोठी लाट आली, तिच्या सुरुवातीला 'द आउटसायडर्स' हे 1967 चं पुस्तक आहे. एस. ई. हिंटन ही ओक्लाहोमातली मुलगी हायस्कुलात असतानाच ते लिहीत होती. प्रकाशकांनी मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरं ठेवायला सुचवलं, नाहीतर मुलीनं पोरांच्या टोळ्यांवर लिहिलेलं समीक्षक गंभीरपणे घेणार नाहीत म्हणून. तिला आपण मुलगी आहोत हे लपवावं लागलं. बाळूताईंना आपण कुठली मुलगी आहोत हे लपवावं लागलं.

पण फरक त्यानंतरचा आहे. अमेरिकेत हिंटननंतर त्या वयासाठी वेगळं कपाट तयार झालं. चांगली, वाईट, अगदी टाकाऊ पुस्तकंही त्यात आली. 1983 पासून 'स्वीट व्हॅली हाय'सारख्या मालिका छापखान्यातून बिस्किटांसारख्या निघाल्या. शाळेत कोण लोकप्रिय, कोण कुणाबरोबर फिरतं, यापलीकडे त्यांत बहुतेकदा काही नव्हतं. तिकडच्या वाचकाला निदान निराश व्हायला डझनभर पुस्तकं मिळाली. आपल्याकडे शिरूरकरबाईंनी उघडलेल्या दारातून शाळकरी मुलीसाठीचं कपाट काही आलं नाही. बाईंनी पुढे 1950 मध्ये 'बळी'सारखी वेगळ्याच जगातली कादंबरी लिहिली, नंतरच्या लेखिकांनी मोठ्या बायकांबद्दल धीटपणे लिहिलं. चौदा ते अठराची मुलगी मध्येच राहिली.

मुलं बोलत राहिली

त्या वयाच्या मुलांना मात्र आवाज मिळत गेला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा. तालुक्याकडच्या पोराला तो सख्खा वाटतो, पण तो सायकलवरून चोर पकडतो, प्रेमात पडत नाही. कुमार साहित्यात साहस चालायचं, प्रेम नाही. 1963 मध्ये भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आली. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर. शहरात हरवलेल्या खेड्यातल्या मुलाला मराठीत पहिल्यांदा स्वतःची भाषा मिळाली. त्याच्याच वयाची, त्याच्याच गावची मुलगी पुण्याला आलीच नव्हती, मग तिची 'कोसला' कोण लिहिणार?

यानंतर 'दुनियादारी' आणि मग 2004 मध्ये मिलिंद बोकील यांची 'शाळा'.

'शाळा'बद्दल मी नीट बोलायला हवं, कारण ती या सगळ्यांत वेगळी आहे. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याचे दोस्त, आणि शिरोडकर. ती आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे ती आडनावानं. आमच्याही वर्गात मुली आडनावानंच ओळखल्या जायच्या, त्यामुळे हे अगदी खरं आहे. कुणाची 'लाईन' कुणावर, याचा अख्खा हिशेब पोरांकडे असतो आणि मुलींशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते. मुकुंद एकटा दहावीत जातो.

इथेही मुलगी मुलाच्याच नजरेतून दिसते. मग 'दुनियादारी'नं निराश केलं आणि 'शाळा'नं का नाही? मला वाटतं, बोकिलांना माहीत आहे की मुकुंदाला काही माहीत नाही. ती काय विचार करते याचे तो शंभर अंदाज बांधतो आणि पुस्तक त्या अंदाजांना अंदाजच राहू देतं. ती जाते तेव्हा त्याच्याइतकेच आपणही अडाणी राहतो. पोराचं अज्ञान प्रामाणिकपणे लिहिलं की न लिहिलेल्या मुलीची जागा निदान रिकामी दिसते. 'दुनियादारी'त ती जागा भरलेली असल्याचा भास होतो.

सुजय डहाके यांचा 'शाळा' चित्रपट जानेवारी 2012 मध्ये लागला. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमची चिठ्ठी त्याच महिन्यातली. मुकुंद आणि शिरोडकरही नववीत, आम्हीही नववीत. वर्गातले काही जण पुण्याला जाऊन तो पाहून आले होते. चिठ्ठी लिहिणाऱ्याला धीर तिथून आला असेल का, कोण जाणे. पण चित्रपटात मुलगी निघून जाते तेव्हा हुरहुर लागते. वर्गातली मुलगी निघून गेली तेव्हा तिच्या बाकावर दुसरी येऊन बसली, एवढंच.

पुढच्या काही वर्षांत पडद्यावर ही गोष्ट पुन्हा पुन्हा आली. 2014 च्या सुरुवातीला 'टाइमपास'चा दगडू आला आणि दीडेक महिन्यात 'फँड्री'चा जब्या. 'फँड्री'त शालू जवळजवळ बोलतच नाही आणि ते मुद्दाम आहे. जात मध्ये उभी असताना जब्याला ती दुरूनच दिसणार. मग एप्रिल 2016 मध्ये 'सैराट'. करमाळ्याकडचं गाव, बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर चालवणारी, परश्याकडे डोळ्याला डोळा देऊन बघणारी आर्ची. भूमिका करणारी रिंकू राजगुरू अकलूजची, स्वतः तेव्हा शाळेत जाणारी. आमच्या पट्ट्यातली मुलगी पहिल्यांदा बघण्याचा विषय न राहता स्वतः बघणारी झाली. थिएटरात मुलींनी शिट्ट्या मारल्या, मी त्यांच्यात होते. शेवट झाल्यावर कुणी कुणाशी बोललं नाही.

न्हावरा, पारगाव, केडगाव

मागच्या हिवाळ्यात मी तिला भेटायला दौंडला गेले. नंबर तिच्या मावसबहिणीकडून मिळाला.

शिरूरला रेल्वे नाही. दौंडला जंक्शन आहे. मधला रस्ता न्हावऱ्यावरून, पारगावला भीमा ओलांडून केडगावला येतो. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी उपाशी, टाकलेल्या मुली गोळा करून इथे आणल्या. त्यांना लिहा-वाचायला शिकवलं आणि छापखाना चालवायला शिकवलं. ज्या काळात घरातली मुलगी पुस्तक हातात धरते म्हणून बोलणी खायची, त्या काळात इथे मुली शिशाचे खिळे जुळवून मराठी पानं छापत होत्या. 1922 मध्ये रमाबाई इथेच वारल्या. लहानपणापासून या रस्त्यानं दहा वेळा गेले असेन, मामाच्या गावाला, लग्नांना. केडगाव म्हणजे माझ्यासाठी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलेली गाडी आणि भेळ एवढंच होतं.

या एका रस्त्याच्या एका टोकाला शिरूरकर हे नाव, मध्ये रमाबाईंचा छापखाना आणि दुसऱ्या टोकाला माझी मैत्रीण. एसटीत हे जुळत गेलं तेव्हा मला अभिमान वाटण्याऐवजी शरम वाटली. एवढं सगळं होऊनही 2012 मध्ये एक कागद मुलीच्या दप्तरात सापडला म्हणून तिचं गाव सुटलं. आणि आम्ही, शाळेचा मोफत एसटी पास मिळालेल्या, पुढे इंजिनियर झालेल्या मुली, त्यावर हसऱ्या चेहऱ्याची टिकली लावून मोकळ्या.

ती मजेत होती. मुलगी पहिलीत आहे, नवरा रेल्वेत, स्वतःचं ब्लाऊज शिवायचं छोटं दुकान. दारातच म्हणाली, "किती बारीक झालीस गं, कंपनीत जेवायला देत नाहीत का?" चहा झाला, पोहे झाले, मग मी भीत भीत विषय काढला. चिठ्ठीत काय होतं?

ती म्हणाली, "मला काय माहीत? मी वाचलीच नाही. बाईंनी उघडली, मग वडिलांकडे दिली, वडिलांनी चुलीत घातली. मला कुणी दाखवलीच नाही. एवढं रामायण झालं, तर निदान काय लिहिलंय ते तरी कळायला हवं होतं की नाही?" आणि हसली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "दहावीला मला तिथल्यापेक्षा जास्त मार्क पडले असते, एवढंच वाटतं कधीकधी."

घरी येऊन मी चिठ्ठी लिहिणाऱ्याला वैयक्तिक मेसेज केला. चांगला मुलगा आहे, आता दोन लेकरांचा बाप. त्यानं मनापासून आठवायचा प्रयत्न केला. "नाही गं आठवत. काहीतरी शेर-बिर असेल. तिला त्रास झाला का? मला वाटलं मामाकडे शाळा चांगली होती म्हणून गेली." तो खोटं बोलत नव्हता. तेरा वर्षं त्याच्याकडे गोष्टीचा तेवढाच भाग होता.

मुलाच्या नजरेतून गोष्ट लिहिण्यात चूक काहीच नाही. एका पुस्तकाची ती मर्यादाही नाही. पण पुस्तक, मग चित्रपट, मग व्हॉट्सॲप ग्रुप अशा सगळ्या कपाटात एकच नजर असली की चांगल्या मुलालाही खरंच वाटायला लागतं की मुली 'निघून जातात'. त्यांना पाठवलं जातं, हे त्यानं कुठे वाचलेलंच नसतं.

मी तिला 'कळ्यांचे निःश्वास' पाठवलं. आठ-दहा दिवसांनी तिचा व्हॉइस मेसेज आला, मागे शिलाई मशीनचा आवाज. "दोन गोष्टी वाचल्या गं. भाषा जुनी आहे, पण ह्या बाईंना आमच्या घरातलं कसं काय ठाऊक? दुसरं असलं काही असेल तर पाठव. शाळेतल्या मुलीचं असेल तर बरं, पोरगी मोठी झाली की तिलाही देता येईल. फक्त एक बघ, त्यात मुलगी शेवटी मरायला नको."

मी अजून शोधते आहे.